सोळा जाड दात

एका गावात एक सायकलमिस्त्री होता, आणि या गोष्टीत जे वाटोळं झालं ते त्यानंच केलं. हे पहिल्यांदाच सांगून ठेवलेलं बरं. कारण गावात विचाराल तर कुणी ओढ्यातल्या दगडांना नावं ठेवील, कुणी नशिबाला, कुणी त्याच्या पोरीच्या हट्टाला. मोठं माणूस चुकलं की गावाला दगड आणि नशीब लगेच सापडतं. दोष दगडाचा नव्हता. दोष रंगनाथ मिस्त्रीचा होता.

माणूस वाईट नव्हता. हात तर सोन्याचा होता. चाक फिरवून नुसत्या आवाजावरून तो सांगायचा की कुठली तार ढिली आहे. पण त्याचं खरं नाव होतं ते कानशीसाठी. सायकल जुनी झाली की पुढच्या, पायडलजवळच्या चक्राचे दात झिजतात, खालीवर होतात, चेन टकटक उडायला लागते. दुसरे मिस्त्री सांगायचे, नवीन चक्र घाला. रंगनाथ ते चक्र काढून व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळायचा आणि कानशीनं एकेक दात घासून सगळे एकसारखे करायचा. सायकल आणखी दोन वर्षं चालायची. तीस वर्षं त्यानं हेच केलं. त्यामुळं एक गोष्ट त्याच्या डोक्यात खिळा ठोकावा तशी बसली होती: दात सारखे, तर चक्र चांगलं.

त्याच्या दुकानासमोर एक बाकडं होतं. त्यावर भिकाजी आबा बसायचे. आबा दोन वेळा सरपंच झाले होते, आणि तिसऱ्यांदा पडल्यापासून त्यांना गावातल्या प्रत्येक गोष्टीतलं कळायला लागलं होतं. त्यांच्या शेजारी त्यांच्याच वयाची चार-पाच माणसं. ही मंडळी दिवसभर सल्ले द्यायची. कुणी मागो न मागो. एखाद्या गोष्टीबद्दल त्यांनी कुणाला कधी काही विचारल्याचं मात्र गावात कुणाच्या आठवणीत नाही.

मिस्त्रीला एक मुलगी होती. प्रणाली. सतरा वर्षांची. ती डोंगरात सायकल चालवायची. जाड टायरची, दगडधोंड्यातून जाणारी सायकल. बापाच्या दुकानात वाढलेली पोर, तिला पाना धरायला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पायात ताकद होती, आणि उतारावर ब्रेक कधी सोडायचा हे तिला आतूनच कळायचं.

दर वर्षी माघात गावाशेजारच्या डोंगरावर मुलींची शर्यत व्हायची. डोंगर चढायचा, पलीकडून दगडांतून उतरायचं, ओढा ओलांडायचा, अशा दोन फेऱ्या. त्या वर्षी जाहीर झालं की पहिल्या दोघींना शहरातल्या प्रशिक्षण केंद्रात घेणार. दोन वर्षं राहणं, खाणं, शाळा, शिकवायला सर, चालवायला नवी सायकल. अट एकच, वय अठराच्या आत. पुढच्या शर्यतीपर्यंत प्रणालीला अठरा उलटून गेली असती. म्हणजे तिच्यासाठी हीच शर्यत. दुसरी नव्हती.

मागच्या साली ती शर्यतीत दहावी आली होती. तिच्या सायकलीला पुढं तीन चक्रं होती, मोठं, मधलं आणि लहान. चेन या चक्रावरून त्या चक्रावर ढकलायला एक लोखंडी पिंजरा. ऐन चढावर चक्र बदलताना चेन दोन चक्रांच्या मधल्या चिखलात रुतून बसली, आणि प्रणाली सायकल खांद्यावर घेऊन पळत वर गेली. तेव्हाच तिच्या मनानं घेतलं, की पुढं एकच चक्र ठेवायचं. बाकीची दोन काढायची, पिंजरा काढायचा, डाव्या मुठीजवळचा खटका काढायचा. मागं मोठी दातेरी चकती घालायची म्हणजे चढाचं काम ती करील. सगळे मोठे खेळाडू आता हेच करतात.

दिवाळीच्या सुट्टीत तिनं काजूच्या कारखान्यात काम केलं, बोटं चिकानं काळी करून घेतली आणि सामान मागवलं. मग दुकानातच एका कोपऱ्यात बसून सगळं स्वतः बसवलं. चेन मापून दोन कड्या कमी केल्या. पुन्हा जोडली. बापाला तिनं एकदाही हाक मारली नाही.

मिस्त्री पंक्चर काढता काढता तिरक्या डोळ्यानं बघत होता. त्याला ते लागलं होतं. अख्खा तालुका ज्याच्याकडं सायकली घेऊन येतो, त्याच्या घरची पोर त्याला विचारत नाही! आणि बाकड्यावरून तेल ओतायचं काम चालूच होतं.

"मिस्त्री, आता पाटी बदला," आबा म्हणाले. "लिहा, 'प्रणाली सायकल मार्ट'. तुम्ही हवा भरायला राहा."

सगळे हसले. मिस्त्रीही हसला. पण त्याच्या हातातला पाना जोरात आपटला गेला.

खरं तर तिनं सांगायचा प्रयत्न केला होता. नवीन चक्र हातात घेऊन ती बापाजवळ आली होती. "अप्पा, बघा ना. याचे दात कसे आहेत—"

"मला दात शिकवू नकोस," मिस्त्री म्हणाला. "तुझे दुधाचे दात पडले ते मी या हातात झेललेत."

बाकड्यावर पुन्हा हसू. प्रणाली चक्र घेऊन परत कोपऱ्यात गेली. एक वाक्य होतं तिचं, तेवढंही त्यानं पुरं होऊ दिलं नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी ती छातीवर लावायचा नंबर आणायला गेली. सायकल दुकानात उभी होती. मिस्त्रीनं ठरवलं, आपण जरा पुसून घ्यावी, तेल द्यावं. यात वाईट काही नव्हतं. उद्या पोर जिंकली तर आपलाही हात त्यात असावा, एवढीच त्याची इच्छा. बाप होता शेवटी.

पुसता पुसता त्याचं लक्ष चक्राकडं गेलं. एक दात जाड, पुढचा बारीक. परत जाड, परत बारीक. त्यानं बोट फिरवून पाहिलं. मग चारही बोल्ट काढून चक्र हातात घेतलं आणि उन्हात धरलं.

"हे काय?" आबा उठून आले. "हे चक्र हाय का म्हाताऱ्याचं तोंड?"

"ऑनलाइन सामान," मिस्त्री म्हणाला. "पोरांना काय वाटेल ते विकतात. साच्यातच चुकलंय बघा. निम्मे दात जाड राहिलेत."

"मग पोरीला फसवलं म्हणायचं की!"

"फसवलंच."

"आणि उद्या अशा चक्रावर बसणार पोर? मिस्त्री, तुम्ही जिवंत असताना?"

एवढं पुरे होतं. मिस्त्रीनं चक्र व्हाइसमध्ये आवळलं आणि कानस घेतली. बत्तीस दात होते, त्यांतले सोळा जाड. तासाभरात ते सोळाही त्यानं बारीक दातांच्या मापाला आणून ठेवले. इतकं नेटकं काम त्यानं कितीतरी दिवसांत केलं नव्हतं. घासलेल्या जागी पांढरी चमक दिसत होती, तिथं काळ्या रंगाचा हात फिरवला. चक्र परत बसवलं, चेन चढवली आणि पायडल हातानं फिरवलं. चेन लोण्यातून जावी तशी गेली.

"याला म्हणतात हात," आबा म्हणाले.

प्रणाली परत आली तेव्हा सायकल लखलखत होती. तिनं चेनला बोट लावून पाहिलं.

"तेल दिलंत, अप्पा?"

"दिलं थोडं."

"मला वाटलं, तुम्ही रागावलाय माझ्यावर." ती हसली. बऱ्याच दिवसांनी बापाकडं बघून हसली.

त्याच्या जिभेवर आलं होतं, की अगं, तुझ्या चक्राचे दात पण सारखे करून ठेवलेत. पण त्याला वाटलं, उद्या ती जिंकेल, चार माणसं गोळा होतील, तेव्हा सांगू. तेव्हा सांगायला बरं वाटेल. म्हणून त्यानं जीभ आवरली.

सकाळी डोंगराच्या पायथ्याशी माणसांची झुंबड होती. आबा आणि त्यांची मंडळी फेटे बांधून आली होती, जणू पोरीऐवजी तेच चढणार होते. आबा पाहुण्यांना सांगत होते, "बेचाळीस नंबर आमची. आणि सायकल कुणी तयार केली विचारा! आमच्या मिस्त्रीनं. या माणसानं कानस फिरवली की लोखंड शहाणं होतं!"

मिस्त्री संकोचून बाजूला झाला. मनातून मात्र त्याला गोड वाटत होतं. तो रांगेत उभ्या केलेल्या सायकली बघत चालला. पहिल्या सायकलीला पुढं एकच चक्र होतं. त्याचा एक दात जाड, एक बारीक.

त्यानं दुसरी पाहिली. जाड, बारीक. तिसरी. चौथी. तो खाली बसला.

सायकलीजवळ चष्मा लावलेली एक मुलगी हातमोजे चढवत होती. मिस्त्रीनं तिला विचारलं, "बाळ, हे दात असे का गं?"

"काका, चेनचं एक घर रुंद असतं, एक अरुंद," ती म्हणाली. "जाड दात रुंद घरात गच्च बसतो, बारीक दात अरुंद घरात. म्हणून दगडावर कितीही आपटलं तरी चेन सुटत नाही. पूर्वी पिंजरा असायचा ना चेनला आवरायला. आता तो काढला, तर धरून ठेवायला हे दातच."

कळायला मिस्त्रीला क्षणही लागला नाही. तो कारागीर होता. सोळा दात एकामागून एक त्याच्या डोळ्यांपुढून गेले. व्हाइसखाली सांडलेला चुरा दिसला. त्याच्या कपाळावर घाम आला, आणि माघातल्या सकाळी घाम येत नसतो.

मुलीला वाटलं, काकांचं काही अडलंय. "कुणाचं चक्र खराब झालंय का? आमच्या सरांच्या गाडीत एक जास्तीचं आहे. इथल्या सगळ्यांची मापं एकच आहेत. पाच मिनिटांत बदलून होतं."

शर्यत सुटायला वीस मिनिटं होती. पाच मिनिटांचं काम. गाडी समोर उभी होती. मिस्त्रीनं फक्त एवढंच म्हणायचं होतं, की हो, माझ्या मुलीचं चक्र खराब झालंय, मी केलंय.

त्यानं मान वळवून पाहिलं. आबा अजून पाहुण्यांना सांगतच होते. हातात हार. दहा माणसं ऐकत होती. पाहुणे मिस्त्रीकडं बघून कौतुकानं मान हलवत होते. या सगळ्यांदेखत जाऊन म्हणायचं, मला हे ठाऊक नव्हतं? पोरीला माहीत होतं आणि मला नव्हतं? तिनं सांगायला तोंड उघडलं आणि मी तिला गप्प केलं?

"नाही नाही," मिस्त्री मुलीला म्हणाला. "सहज विचारलं."

मग त्यानं स्वतःची समजूत काढली. इतकी वर्षं सायकली साध्या दातांवर चालल्याच ना. काय होतंय एका दिवसानं. तेल दिलंय, जाईल निभावून. मोठ्या माणसांना स्वतःची समजूत काढायला वेळ लागत नाही. शिट्टी वाजेपर्यंत त्याला ते जवळजवळ खरं वाटायला लागलं होतं.

पहिल्या चढाला प्रणाली सगळ्यांच्या पुढं होती. खालून तिची पिवळी टोपी झाडांतून वर वर जाताना दिसत होती, आणि मागं बरंच अंतर सोडून दुसरी. आबांनी शिट्टी मारली. मिस्त्री ओढ्याजवळ जाऊन उभा राहिला. उतारावरचे दगड तिथंच संपत होते.

ती आली. सायकल दगडांवरून थाडथाड आपटत होती. चेन वरखाली नाचत होती. शेवटच्या दगडावर मागचं चाक उसळलं आणि चेन सुटली.

प्रणाली खाली उतरली. सायकल उलटी न करताच बोटांनी चेन चढवली. तेवढ्यात दोघी पुढं निघून गेल्या. तिला समोर बाप दिसला.

"अप्पा, सुटली कशी काय?"

अजूनही वेळ होता. गाडी ओढ्यापासून शंभर पावलांवर होती. चक्र बदलायला पाच मिनिटं गेली असती, पण पूर्ण एक फेरी बाकी होती, आणि चढावर तिला गाठणारं कुणी नव्हतं.

"चालव! चालव!" मिस्त्री ओरडला.

बापानं सांगितलं म्हणून ती निघाली.

दुसऱ्या चढावर तिनं दोघींनाही मागं टाकलं. लोक म्हणाले, असा चढ या डोंगरावर कुणी चढलं नाही. उतारावर तिची चेन परत दोनदा सुटली. दोनदा तिनं चढवली, आणि तरीही ओढ्याला ती पहिल्या दोघींच्या बरोबरीनं आली. ओढ्यापलीकडं छातीएवढी चढण होती. तिनं उभं राहून सगळी ताकद पायडलवर टाकली. पायाखाली काहीच लागलं नाही. चेन पुन्हा सुटली होती. पाय रिकामाच गरगरला आणि ती तोंडावर आपटली.

ती उठली. रक्ताळलेला ओठ पुसला. चेन तशीच लोंबकळत ठेवून सायकल ढकलत धावली आणि शेवटची रेघ ओलांडली. तिसरी आली.

दोघींनाच घेणार होते.

आबांनी हातातला हार हळूच पिशवीत घातला. मग ते बोलले, कारण न बोलून त्यांना चाललंच नसतं. "ही नवीन फॅडं. तीन चक्रं होती ती काय वाईट होती? बापाचं ऐकलं असतं तर आज दिवस वेगळा दिसला असता. काय, मिस्त्री?"

आणि रंगनाथ मिस्त्रीनं मान हलवली. हो म्हणून हलवली.

प्रणालीनं ते पाहिलं. तिला वाटलं, खरंच आहे. "माझंच चुकलं, अप्पा," ती घरी जाताना म्हणाली. "चेन मी बहुतेक एक कडी लांब ठेवली. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं." ती रडत होती. मिस्त्री तिच्याशेजारून चालत होता आणि सायकल ढकलत होता.

आठ दिवस ती स्वतःला दोष देत राहिली. जेवताना मध्येच थांबायची आणि म्हणायची, त्या कडीचंच झालं असेल. तिची आई म्हणायची, जाऊ दे गं. बाप खाली मान घालून भात कालवायचा.

नवव्या दिवशी चूक शोधायची म्हणून तिनं सायकल खोलली. चेनच्या कड्या मोजल्या. बरोबर होत्या. चक्र काढलं आणि चिंधीनं पुसलं. काळा रंग चिंधीला लागला. खालून घासल्याच्या तिरप्या रेघा निघाल्या. तिरप्या, एकसारख्या, एकाच अंतरावर. अशा रेघा काढणारा हात तालुक्यात एकच होता.

तरी तिचं मन मानेना. शर्यतीत ओळख झालेल्या त्या चष्मेवालीला तिनं फोन केला. कुणी सामानाला हात लावताना पाहिलं होतं का, एवढंच विचारायला. ती म्हणाली, "नाही गं. पण तुझे बाबा शर्यतीआधी मला दातांबद्दल विचारत होते. मी म्हटलं पण, सरांकडं जास्तीचं चक्र आहे."

प्रणाली दुकानात आली. बाकड्यावर सगळे होते. तिनं चक्र बापापुढं टेबलावर ठेवलं.

"घासलंत, त्याचं काही नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुम्हाला माहीत नव्हतं. पण नंतर कळलं होतं, अप्पा. शिट्टीच्या आधी कळलं होतं."

मिस्त्रीनं चक्राकडं पाहिलं, बाकड्याकडं पाहिलं. "चार माणसांत..." तो म्हणाला आणि थांबला.

"चार माणसांत काय?"

मिस्त्रीनं टेबलावरची कानस उचलून खणात टाकली.

"अगं पोरी," आबा मध्ये पडले, "बाप आहे तो. तुझ्या भल्यासाठीच—"

"आबा, तुम्ही गप्प बसा," प्रणाली म्हणाली. गावात आबांना असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. म्हणायला पाहिजे होतं, फार आधी.

त्या दिवसानंतर बाकड्यावरची गर्दी कमी झाली नाही. आबांनी हप्ताभर तोंड पाडलं आणि मग पाटाच्या पाण्याबद्दल सल्ले द्यायला सुरुवात केली. त्यांचं काहीच गेलं नव्हतं.

मिस्त्रीनं नंतर स्वतः फोनवरून तसंच चक्र मागवलं. एक दात जाड, एक बारीक. ते आलं तेव्हा प्रणालीला अठरा पूर्ण होऊन गेली होती. त्यानं ते तिच्यासमोर धरलं आणि म्हणाला, "बसवून देऊ?" ती म्हणाली, "नको." सायकल तिनं शेजारच्या गावातल्या एका मुलीला देऊन टाकली होती.

आता ती तालुक्याला औषधांच्या दुकानात कामाला आहे. महिन्यातून एकदा घरी येते. आईशी बोलते, जेवते, बापाची रक्तदाबाची गोळी आणून फळीवर ठेवते आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाते. बापाला ती पुन्हा कधी काही दाखवायला आली नाही, आणि त्याच्याकडं बघून पुन्हा हसली नाही.

तात्पर्य: जे आपल्याला कळत नाही ते लहानाला विचारावं, आणि आपलं चुकलं असेल तर वेळ हातात आहे तोवर चार माणसांत सांगावं. चूक करणारा वयानं मोठा असला म्हणून चूक लहान होत नाही.